लाल ठिपक्यांची झोपपिशवी

कोल्हापूर, १० नोव्हेंबर २०२४

ती. आक्का आत्यास,
स्वप्नालीचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वाडीत फोन लागत नाही, म्हणून पत्र. जानेवारीत माझ्या शाळेतल्या इतर शिक्षिकांबरोबर मी उत्तराखंडात बर्फातल्या डोंगरावर निघालेय. म्हणजे निघायचं आहे. अप्पा आडवे आलेत. मागच्या वर्षी मी भाड्याची झोपपिशवी नेली, कुडकुडले आणि ताप घेऊन परतले, ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. शेवटी म्हणाले, नवी पिशवी आधी आक्काला तिच्या अंगणात वापरून बघू दे. ती म्हणाली ऊब हाय, तर जा. थोरल्या बहिणीचा शब्द तेवढा ते मोडत नाहीत.

निवडताना या वेळी मी घाई केली नाही. कृत्रिम कापसाची पिशवी ओल सोसते, पण पाठीवर धोंडा होतो. बदकाच्या मऊ पिसांची हलकी, मुठीत दाबली तर बसते, फक्त ओलीपासून जपायची. चिठ्ठीवर दोन आकडे असतात. एका थंडीपर्यंत सुखानं झोप लागते, दुसऱ्यापर्यंत नुसता जीव तगतो. दुकानदार दुसराच आकडा मोठ्यानं सांगतो. मी पहिला बघून पिसांची घेतली. तुमच्या वाडीतला कृष्णातदादा दूध घेऊन आला होता, त्याच्याबरोबर पाठवतेय.

लोभ आहेच, तो थोडा या पिशवीवरही असू दे.

तुझी,
स्वप्नाली


शाहूवाडी, २४ नोव्हेंबर

चि. स्वप्नालीस,
आक्काचे अ. उ. आ.

पिशवी पोचली. आत शिरले तर मीच बाळंतिणीसारखी गुंडाळले गेले. शेजारची बयाबाई हसून हसून पायरीवर बसली. ऊब झकास आहे. अप्पाला तसं कळवून टाकलंय, आता तू निर्धास्त जा.

पण कंपनीचं काम कच्चं गं. टाके इतके लांब लांब की आतली पिसं हिकडनं तिकडं पळतात. बयाबाई म्हणाली, पोरीला फसवलं की. मग आम्ही दोघींनी बसून गोधडीला घालतो तसे दाट धावदोरे घातले, खांद्यापासून पायापर्यंत. आता कशी चापून बसली आहे. जन्मभर उसवणार नाही.

तब्येतीला जप. लोभ राहू दे, आणि कामाचं कौतुक केलंस तर आम्ही नको म्हणणार नाही.

तुझी,
आक्का


कोल्हापूर, ८ डिसेंबर

ती. आक्का आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टाके बघून हसू आलं आणि खरं सांगते, रडूही आलं. गोधडी दाट टाक्यांनी टिकते, पण या पिशवीत ऊब धरते ती पिसांत अडकलेली हवा. म्हणूनच ती फुगलेली आणि सैल असते. टाक्यांनी पिसं दबली की हवा गेली. मी पन्हाळ्यावर तंबूत झोपून बघितलं. जिथं टाका तिथं गारवा, आणि सकाळी सुयांच्या भोकांतून आलेली पिसं केसांत. इथं हे, तर बर्फात काय होईल?

अप्पांना अजून सांगितलं नाही. सांगितलं तर जाणं रद्द. न सांगता गेले तर तुझ्या शब्दाच्या आड लपून गेल्यासारखं होईल, ते मला जमणार नाही. पिशवी परत पाठवतेय. काही सुचलं तर बघ, नाहीतर मी या वर्षी राहीन.

लोभ राहू दे. राग आलाच तर तोही कळव.

तुझी,
स्वप्नाली


शाहूवाडी, २५ डिसेंबर

चि. स्वप्नालीस,
अ. उ. आ.

राग कसला, स्वतःचीच लाज वाटली. बयाबाईनं आणि मी मिळून सगळे दोरे उसवले. तशी पिशवी तव्यावरच्या भाकरीसारखी टम्म फुगली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. राहिली भोकं. आपली सून स्नेहल म्हणाली, नखाला लावायचा रंग लावू या, तो वाळून घट्ट बसतो. बाजारात लालच मिळाला. वाणी विचारायला लागला, आक्का, घरात लगीन हाय व्हय? एकेका भोकावर एकेक ठिपका दिला. गोवर आल्यासारखी दिसते, पण पीस एक बाहेर येत नाही.

मग अप्पालाच बोलावून घेतला. पिशवी मी बिघडवली होती आणि मीच नीट केली, हे तोंडावर सांगितलं, आणि म्हटलं, आता माझ्या शब्दावर जाऊ नको, अंगणात तूच झोप. उन्हं आली, चहा दोनदा गरम केला, तरी हा पठ्ठ्या बाहेर येईना. वर मलाच म्हणतो, आक्का, पोरीला जाऊ दे की, अडवतंय कोण.

उरलेला रंग मी पायाच्या नखांना लावलाय. जन्मात पहिल्यांदा. सगळा जन्म या डोंगरातल्या भातात गेला, पण बर्फ कसला असतो ते बघितलं नाही. एकदा बघावासा वाटतो. तू बघून ये आणि सगळं सविस्तर लिही.

तुझी,
आक्का


कोल्हापूर, २६ जानेवारी २०२५

ती. आक्का आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप परतले. ताप नाही, साधी शिंकसुद्धा नाही. तंबूवर बर्फ साचला होता आणि मी आत घामेजून चेन उघडत होते. सगळ्यांनी ठिपक्यांचं विचारलं, सगळ्यांना तू आणि बयाबाई सांगितल्यात.

बर्फाचं मात्र लिहिणार नाही. पुढच्या जानेवारीसाठी पिसांची दुसरी पिशवी घेऊन ठेवलीय, तुझ्या उंचीची. डोंगर सोपा निवडलाय. सुई-दोरा घरी ठेवायचा, लाल रंग तेवढा बरोबर घे. अप्पांना या वेळी मी विचारलं नाही. आक्का येतेय, एवढंच सांगितलं.

तुझी,
स्वप्नाली