तीन माणसांचं क्रियापद

५ फेब्रुवारी, बुधवार

एका इंग्रजी शब्दापायी सकाळचा चहा गार झाला. इंटरसीड!

अपूर्वा, माझी नात, प्रसादची मुलगी, पुण्याहून माझं सामान बांधायला आली आहे. महिनाअखेर या भाड्याच्या खोल्या जैन साहेबांना परत करायच्या आणि मी पुण्याला, मुलाकडे. कायमचा. पोरीची कसलीशी प्रवेश परीक्षाही आहे. म्हणून एका हातात सुतळी, एका हातात शब्दांचं पुस्तक. खोक्याला गाठ मारता मारता म्हणाली, "आबा, इंटरसीड वापरून वाक्य करा बरं!"

म्हटलं, आधी अर्थ सांग. एखाद्यासाठी मध्ये पडून दुसऱ्याकडे रदबदली करणं, म्हणे. मग पुस्तकातलं वाक्य वाचलं — "द मदर इंटरसीडेड विथ द फादर ऑन बिहाफ ऑफ द सन."

मी हसतच सुटलो. हा पुस्तकवाला इथे फ्रीगंज मोहल्ल्यात आमच्या शेजारी राहून गेला की काय? आमचंच घर उचललंय!

प्रसादला सायकल हवी — तो आईला, म्हणजे मीनाला सांगणार, मीना मला. त्याने केस कापावेत असं मला वाटे — मी मीनाला, मीना त्याला. बापलेक समोरासमोर जेवायला बसलेले, आणि "विचार त्याला, भात हवा का!" यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलंच नाही. माझं आणि माझ्या वडिलांचंही आईमार्फतच चाले. घराण्याची रीतच ती.

मीनाला जाऊन दोन वर्षं होतील. आता फोनवर प्रसाद विचारतो, "जेवलात?" मी म्हणतो, "हो. तू?" तो म्हणतो, "हो." झालं.

६ फेब्रुवारी

खाणं, झोपणं, हसणं एकट्यानेही होतं. भांडायला दोन लागतात. पण या इंटरसीडला तीन माणसं लागतात! एक ज्याच्यासाठी, एक ज्याच्यापाशी, आणि एक मधला. मधला गेला की वाक्य उभंच राहत नाही.

मी केलेलं वाक्य — "द नीम ट्री इंटरसीडेड विथ द सन ऑन बिहाफ ऑफ द पोस्टमन." उन्हात थांबलेल्या पोस्टमनसाठी कडुनिंबाने सूर्याला गळ घातली.

अपूर्वा म्हणाली, "आबा, परीक्षेत झाडं रदबदली करत नाहीत."

"मग नुकसान परीक्षेचं!"

शाळेत कवितेच्या तासाला आमच्याकडे सगळे सगळ्यांसाठी रदबदली करत. ढग डोंगरापाशी, चिमणी वाऱ्यापाशी. बर्वे मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरायचे आणि आम्ही हात मागे बांधून, छाती काढून, कविता म्हणायचो. हात मागे बांधले की शब्द पुढे येतात, असं मास्तर म्हणत. अजून मला एकही कविता हात मोकळे ठेवून आठवत नाही!

८ फेब्रुवारी, शनिवार

टावर चौकात पोहे-जिलेबी. ठेलेवाला म्हणाला, "बाबूजी, सुना है पूना जा रहे हो? वहाँ पोहे पे सेव नहीं डालते!" मी मूठभर शेव आणखी मागून घेतली.

विलास शेजारी बसला होता. रेल्वेत दोघं एकाच टेबलाशी होतो, तेव्हापासूनचा दोस्त. म्हणतो, "भिया, तुला जायचंच नाहीये. तुझं थोबाड बोलतंय."

"प्रसादची इच्छा आहे रे."

"तो बोलला तुला?"

तो कशाला बोलेल? माई बोलली. माई माझी थोरली बहीण, नानाखेड्याला राहते. दिवाळीत आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "श्रीपाद, प्रसादचा जीव तुटतो तुझ्यासाठी. तोंडाने सांगणार नाही तो. तू हो म्हणून टाक." मी फोनवर म्हणून टाकलं — "येतो." तो म्हणाला, "बरं. जेवलात?"

मुलाचा जीव तुटत असेल तर बापाने पोह्यांवरच्या शेवेसाठी अडून बसायचं का? नाहीच.

पण थोबाड बोलतं, हे खरं असावं.

९ फेब्रुवारी

कवितांची शालेय पुस्तकं खोक्यात गेली. खोकं बंद करताना अपूर्वाला म्हटलं, "राहू दे जरा उघडं." सारा दिवस उघडंच होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज स्फोट!

अपूर्वाने मीनाचा पोळपाट गुंडाळायला घेतला आणि मी तो तिच्या हातातून काढून घेतला. का, ते मलाच कळलं नाही. पोरगी खाली बसली माझ्यासमोर.

"आबा, खरं सांगा. यायचंय तुम्हाला पुण्याला?"

"तुझ्या बाबाची इच्छा आहे."

"बाबा तर म्हणतात तुमची इच्छा आहे! इथे एकटे कंटाळलात, पण तोंडाने सांगणार नाही म्हणून."

"कोण म्हणालं?"

"माईआजी."

 मग अपूर्वा जी हसायला लागली ती थांबेचना. सुतळीचं बंडल घरंगळत जिन्यापर्यंत गेलं! माईने इकडे एक सांगितलं, तिकडे दुसरं. आणि आम्ही दोघं शहाणे बापलेक एकमेकांच्या सुखासाठी एक आख्खं घर मोडायला निघालो.

हसू ओसरल्यावर धडकी भरली. आता हे प्रसादला सांगायचं कुणी? समजा तो म्हणाला, ठीक आहे, राहा — आणि आतून दुखावला तर? समजा माई अर्धी खरी असली तर?

म्हटलं, "बाळा, तू बोल ना त्याच्याशी. इंटरसीड कर!"

"मुळीच नाही! या घरातल्या बायका काय टपालखातं आहेत का? आजीने सगळा जन्म हेच केलं. तुमचा फोन तुम्ही लावा."

मीना असं एकदाही म्हणाली नव्हती. म्हणायला हवी होती.

१२ फेब्रुवारी

फोन लावला. वाजायच्या आत बंद केला. विलासला विचारलं, तू बोलतोस का? म्हणाला, "मैं क्यों पडूँ बीच में? पोहे खा."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झालं! केलं!

अपूर्वाने फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः गच्चीवर निघून गेली. मी पुण्याच्या हवेचीच चौकशी करत बसलो. शेवटी फोन खोक्यावर ठेवला, स्पीकर लावला, समोर ताठ उभा राहिलो आणि हात मागे बांधले. बर्वे मास्तर, तुमची शपथ, शब्द आले!

"प्रसाद, मला पुण्याला यायचं नाही. तुझ्यावर राग नाही. इथे मला झोपेतसुद्धा जिना उतरता येतो. एवढंच."

  मग प्रसाद म्हणाला, "बाबा, तुम्ही उभे आहात का?"

"हो. का रे?"

"आवाज कविता म्हणताना लागतो तसा लागलाय." मग हसला. मग नाक ओढल्याचा आवाज. "मला वाटलं तुम्हाला तिथे घर खायला उठतंय. मी इथे तुमची खोली लावली, पण सारखं मनात येत होतं, त्या खोल्या गेल्या तर मी सुट्टीत जायचं कुठे? मला तरी कुठे आहे दुसरं गाव?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

बरोबर आहे. म्हटलं, "तुझी ती खोली मोडू नकोस. उन्हाळ्यात येतो. पण परतीचं तिकीट आधी काढ!"

"काढतो. आणि बाबा... बसा आता."

बसलो. मग बोलतच राहिलो. त्याला गुडघा दुखतो, हे मला आज कळलं. माझ्या मुलाला गुडघेदुखी! मी अजून त्याला सायकलवरच बघतो. "जेवलात का" विचारायचं दोघांच्याही राहून गेलं.

१४ फेब्रुवारी

जैन साहेबांना खाली जाऊन सांगितलं, खोल्या सोडत नाही. म्हणाले, "मैंने तो किसी को हाँ बोला ही नहीं था, बाबूजी. आपका मुँह देख के लग रहा था." सगळ्या फ्रीगंजाला माझं थोबाड वाचता येतं, आमच्याच घरात निरक्षर!

खोकी सोडायचं काम जोरात. पोळपाट आपल्या जागी. अपूर्वा सोमवारी निघणार. तिने परीक्षेसाठी वहीत माझं कडुनिंबाचं वाक्यच उतरवलंय.

आता एक काम उरलं, माईला फैलावर घेणं. रविवारी जातो नानाखेड्याला. चांगला झाडणार आहे!

१६ फेब्रुवारी, रविवार

झाडायला गेलो. तोंड उघडायच्या आत माईने विचारलं, "बोललात का रे दोघं? एकदाचे?" म्हटलं, बोललो, पण तुझ्या खोटेपणामुळे! माई म्हणाली, "माझा कसला? मीनाने इस्पितळात शपथ घातली होती मला. म्हणाली, माई, मी गेल्यावर हे दोघं मुके होतील. वर्षभर तरी वाट बघा, नाहीच बोलले तर दोघांना काहीतरी उलटंसुलटं सांगा, भांडायला तरी फोन करतील! मला वाटलं दुसऱ्याच दिवशी भांडाल. तुम्ही मेले खोकी बांधायला लागलात!"

घरी आलो. प्रसादला फोन केला, सगळं सांगितलं. मी इतके दिवस समजत होतो, घरात दोघंच उरलो. मोजायला चुकलो होतो.