खंदकाच्या वरचं घर

अप्पा, डोंबिवलीला घरी येऊन मला तीन आठवडे झालेत आणि एका जागी बसवत नाहीये. अहवाल लिहायला घेते, उठते, गॅलरीत जाते, परत येते. आई म्हणते, जरा टेक. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता मी भूकंपांचा अभ्यास करते हे तुम्हाला माहीत नाही. हिमालयात आपल्या बाजूची जमीन तिकडच्या जमिनीखाली सतत रेटली जाते. तिथे डोंगराच्या पायथ्याशी आम्ही खंदक खणतो. त्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात आणि मधेच एखादा तुटून वर सरकलेला असतो. पूर्वी कधीतरी जमीन हलली होती, त्याची ती खूण. पुन्हा हलणार हे कळतं. कधी, ते कुणालाच कळत नाही.

या वर्षी गेलो ते तिथे नुकताच भूकंप झाला होता म्हणून. खंदकाच्या वरच्या अंगाला एका म्हातारीचं दगडी घर होतं. घराला तडे गेलेले, म्हणून ती आणि तिचा नवरा अंगणात ताडपत्रीखाली राहायचे. रोज सकाळी ती आम्हाला चहा आणून द्यायची. थंडी वाढली, नवऱ्याचा खोकला थांबेना, तेव्हा तिने मला विचारलं, आता घरात जाऊ का?

तुमचं वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप मला तेव्हा आठवायला हवं होतं. मी शाळेत आहे, मे महिन्याची सुट्टी आहे, दिव्याच्या आपल्या तेव्हाच्या घरून तुमचा डबा घेऊन आलेय. लेथवरून उतरलेल्या पिना मोजायला तुम्ही मला मायक्रोमीटर देता. चार-पाच मोजून मला कंटाळा येतो आणि पुढे मी तोच आकडा लिहीत सुटते. तुम्ही एक पिन उचलून मोजता आणि सगळ्यांसमोर माझा कागद फाडता. "मोजलं नसशील तर मोजलं नाही असं लिही," एवढंच म्हणता. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत मी तुमच्याशी बोलले नव्हते.

म्हातारीला मी म्हणाले, "जा अम्मा, आता काही नाही होणार."

घर मी आतून पाहिलंही नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा धक्का बसला आणि मागची भिंत आत कोसळली. खंदकातली फावडी घेऊन आम्ही धावलो. तिच्या नवऱ्याला जिवंत काढलं, पण तो आता कमरेखालून हलत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी नेहमीसारखी चहा घेऊन आली. पेला माझ्या हातात दिला. मी तो चहा प्यायले.

आमचे साहेब म्हणाले, तू धीर दिलास, त्यात तुझं काय चुकलं? अहवालात हे नको. पुढच्या आठवड्यात परत जायचं होतं. तिच्यासमोर बसून सांगायचं होतं की मला माहीत नव्हतं, तरी मी बोलले. हिंदीत कसं सांगायचं तेही ठरवून ठेवलं होतं.

आज सकाळी मी साहेबांना फोन केला आणि विचारलं, या वेळी माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का. ते लगेच हो म्हणाले. अप्पा, मला बरं वाटलं.