इस्त्रीखालचा समुद्र

प्रिय तेजू,

तुझा नकाशा हरवलेला नाही. आधी एवढं वाच, घोटभर पाणी पी आणि मग पुढचं वाच. तो मागवणारा नाशिकचा यशराज रोज तुला विचारतोय, तू रोज मला विचारतेस आणि मी 'कुरिअरवाला आला की देते' म्हणून वेळ मारून नेतेय. नकाशा इथेच, आपल्या लाँड्रीच्या दुकानात आहे. कसा आहे ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसले.

आणखीही एक उत्तर तुला द्यायचं राहिलंय. पुण्याची नोकरी सोडून घरी येऊ का, नकाशेच काढत बसू का, असं तू गेल्या महिन्यात पप्पांना फोनवर विचारलंस. त्यांनी तडक फोन माझ्या हातात दिला आणि चादरींचं गाठोडं सोडायला बसले. तुला ते लागलं, मला काय कळत नाही का? तू फोन ठेवल्यावर ते माझ्यावरच घसरले. "नसलेल्या गावाचा नकाशा कोण इकत घेतंय? आन किती दिस घेणार हाय?"

खरं सांगू का, मला तरी कुठं नीट कळत होतं! दिवाळीत तू समजावलंस तेवढंच. पाचसहा पोरं टेबलाभोवती बसतात, कुणी योद्धा होतो, कुणी चेटकीण, एकजण गोष्ट सांगतो, फासे पडतात आणि खजिना शोधायला तुझा नकाशा त्यांच्या हातात येतो. त्यासाठी तू चांगला कोरा कागद चहात बुडवलास, चुरगाळलास, गॅसवर त्याच्या कडा जाळल्यास आणि गच्चीवर गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या चादरींशेजारी वाळत घातलास. पप्पा जीव मुठीत धरून त्या चादरींची राखण करत होते. आणि मटणाच्या ताटातली लिंबं कुठं गेली म्हणून मी घरभर शोधत होते, ते वेगळंच.

तर एका सोमवारी दुपारी लाइट नव्हती. कोळशाची इस्त्री तापलेली होती आणि पप्पा फळीवर मलमलीचा तुकडा शोधत होते. हाताला कुरिअरनं पाठवायला ठेवलेली तुझी गुंडाळी लागली. उघडून बघतात तर चुरगाळलेला, डागाळलेला, कडा जळलेला कागद. गच्चीवर वाळत होता तोच हा, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांना वाटलं, पोरीचं काम आपल्या दुकानात भिजून नासलं. तुझ्या पप्पांना चुणी सहन होत नाही हे तुला माहीतच आहे. लग्नात नवरदेवाच्या कोटाला चुणी दिसली तर हा माणूस अक्षता टाकायचा विसरतो. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला, पैठणीवर घालतात तशी वरून मलमल घातली आणि इस्त्री फिरवली. मनापासून, चांगली दाबून.

मलमल उचलली आणि ओरडलेच, "अगं ए, जाळलं की म्यां!" मी गॅसवरची आमटी टाकून धावले. तुझ्या निळ्या समुद्रावर तपकिरी डाग उठत होते. जन्मात ज्यानं कुणाचा रुमाल जाळला नाही, तो माणूस स्टुलावर खाली बसला. "पोरीला काय सांगू आता?" एवढंच म्हणत राहिले. त्यांचा चेहरा बघून मलाच रडू यायला लागलं.

डाग मात्र वाढत वाढत ठळक झाले. ते उठले, कागद दाराच्या उजेडात धरला आणि एकेका डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ही तर घाटग्यांची खूण हाय." आडवी रेघ आणि खाली तीन ठिपके. त्यांच्या शेजारी शेपटीची फुली, म्हणजे रणवरे. मग गोलात गोल, बराले. आणि पुन्हा घाटगे. तेजू, पांढरे कपडे सगळ्यांचे सारखेच, म्हणून प्रत्येक घराची खूण कॉलरच्या आत घालायची ही आपल्या घराण्याची रीत. आजोबा बिब्ब्यानं घालायचे, पप्पा पेनानं घालतात. तू शाळेत जायच्या आधी गाठोड्यावर बसून ह्या खुणा धडाधड वाचायचीस आणि पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचे. ते मी विसरले होते. तू विसरली नाहीस.

"पण ही समदी मान्सं समुद्रात काय कराय लागल्यात?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी एका बिलाच्या मागं नावांची पहिली अक्षरं मांडली. घ, र, ब, घ: 'घर बघ'. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि चष्मा पुसायला लागले.

मग मी हिय्या करून यशराजला फोन लावला, नकाशातलं गुपित फुटलं म्हणून सांगितलं. पोरगं रागावलं नाही, उलट हसायला लागलं. म्हणाला, खेळणारे सगळी बेटं पालथी घालणार आणि खजिना सापडणार जिथून ते निघाले त्याच घरात. लिंबानं लिहिलेलं ऊब देऊन त्यांनीच उघडायचं होतं म्हणे. तुझ्या आधीच्या नकाशांवरच्या खुणा बघून त्याच्या मित्रांना ती कुठल्यातरी बुडालेल्या राज्याची लिपी वाटते. म्हटलं, बाबा रे, ती राजारामपुरीतल्या धुण्याची लिपी आहे! त्याला तुला नवा नकाशा काढून द्यावा लागेल, तेवढा आमच्याकडून तुला ताप.

जुना आता काचेत बसवून गल्ल्यामागं लावलाय. घाटगेकाकू साडी न्यायला आल्या तर पप्पांनी साडी बाजूला ठेवली आणि आधी त्यांना समुद्रात स्वतःची खूण शोधायला लावली. "अगं बया, आमी पार बेटापातूर पोचलो व्हय!" म्हणत त्या अर्धा तास हलल्या नाहीत. कागलच्या आत्याबाईंना यांनी मुद्दाम फोन करून सांगितलं, "आमच्या खुणा बोटीत बसल्यात." ज्यांना आयुष्यभर कुणी 'कपडे झाले का' याशिवाय काही विचारलं नाही, त्यांना आता लोक नकाशाचा अर्थ विचारतात. मला तुझा फार अभिमान वाटतो, तेजू. तू कुठून आलीस ते तू लपवलंस खरं, पण खजिना लपवतात तसं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. दुकानात रस्त्याकडच्या खिडकीपाशी तयार कपडे टांगायचो ना, ती जागा पप्पांनी रिकामी केलीय. सुताराकडून तिथं उतरत्या फळीचं टेबल करून घेतलंय, उजेड डावीकडून येईल असं. टेबलाच्या कोपऱ्यावर हिचीही एक खूण घालूया का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "घरच्या कापडाला खूण लागत न्हाय." फोनवर हे तुला सांगा म्हटलं, तर फोन पुन्हा माझ्याच हातात! शेवटी काल माझ्याकडून कागद मागून घेतला आणि काडीनं स्वतः लिहायला बसले. सोबतचं दुसरं पान तुला कोरं दिसेल. ते कोरं नाही. इस्त्री मंद ठेव आणि वरून मलमल टाक, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलंय. तू घाईत कागद जाळशील, म्हणून काय आहे ते मीच सांगून टाकते. अख्खं लिंबू संपवून तुझ्या पप्पांनी त्या एवढ्या मोठ्या पानावर एकच अक्षर काढलंय: ये.

तुझीच,
आई