भिंगरीची सोय

मी, चौकातल्या केस कापण्याच्या दुकानाची मालकीण, डोकं ठिकाणावर आणि जीभ नेहमीइतकीच तिखट असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. शरीरापुढे मात्र डॉक्टरांनी हात टेकले आहेत.

१. दुकान, खुर्च्या, आरसे आणि कात्र्या पुतणीला. माझ्या कात्रीने कागद कापायचा नाही.

२. धाकट्या भावाला काहीही नाही. भिंगरीला न्यायला कारखान्याची बिनखिडक्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी कोणी बोलावली, हे मला ठाऊक आहे. बाहेरचा शत्रू परवडला, घरभेदी नको.

३. भिंगरी माझी बालमैत्रीण. शाळेत असताना ती तलावात बुडाली. महिन्याभराने तिचे वडील, यंत्रमाणसांच्या कारखान्यातले इंजिनिअर, तिथे बनवलेली हुबेहूब भिंगरी घेऊन आमच्या दाराशी आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिला यातलं काही माहीत नाही. तू बोलायचं नाहीस." मी बोलले नाही. दर काही वर्षांनी ती कारखान्यात "तपासणी"ला जायची आणि माझ्या बरोबरीने मोठी होऊन यायची. दर आठवड्याला तिची वेणी घालताना मी मानेवरची कळ दाबते. नाही दाबली तर ती थांबेल. तिला वाटतं, मी मान चोळून देते.

कायद्याने ती वस्तू आहे. तिच्या वडिलांनी जाताना ती माझ्या नावावर केली. मी कोणाला दिली नाही, तर कारखाना तिला नेऊन तिचे भाग सुटे करणार. म्हणून, लिहायची लाज वाटते तरी, भिंगरी मी पुतणीला देते. कळ कुठे आहे ते तिला दाखवलं आहे.

वरचं वकिलांनी टाइप केलं, पुढचं मी हाताने लिहिते आहे. माझी सही झाली, पहिले साक्षीदार म्हणून शेजारच्या औषधवाल्यांची झाली, दुसरे साक्षीदार म्हणून वकील सही करणार होते. तेवढ्यात भिंगरी आत आली आणि टेबलावरचा कागद उचलून उभ्या उभ्या वाचू लागली. तिला अडवायचं कोणाला सुचलं नाही.

"म्हणजे ती तेव्हाच गेली," ती म्हणाली. "मग तिच्यासाठी तू रडलीस कधी गं?"

मी कधीच रडले नव्हते. आज सगळ्यांदेखत रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग वकिलांच्या हातातलं पेन घेऊन तिने त्यांच्या जागेवर सही केली.

वकील म्हणाले, वस्तूची साक्ष चालत नाही, कागद नव्याने करू. मी नको म्हटलं. ही सही खोटी ठरली, तर साक्षीदार एकच उरतो, म्हणजे मृत्युपत्र रद्द आणि गाडी दारात. खरी ठरली, तर कलम तीन रद्द, कारण माणूस कोणाच्या नावावर करता येत नाही. मी भिंगरीकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "काय ते एकदाचं होऊन जाऊ दे."

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: सोमवार, सुट्टीचा दिवस
लिहून ठेवणारी: दुकानाची मालकीण
साक्षीदार १: शेजारचे औषधवाले
साक्षीदार २: भिंगरी