रस्त्याकडच्या खोलीबद्दल माझं पक्कं सांगणं

मी सौ. शालूबाई कडूबा सोनुने, वय बावन्न (आधार कार्डावर वेगळं आहे, ते चुकलेलं आहे), धंदा शेती, राहणार धाड, तालुका व जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी फसवलेलं नाही, कोणी धमकावलेलं नाही, आणि धमकावलं असतं तरी मी ऐकलं नसतं. वकील साहेबांनी नमुना पाठवला होता. त्यात सुरुवातीलाच मानवी देह क्षणभंगुर आहे असं होतं, ते मी काढून टाकलं. माझ्या हृदयाची एक झडप नीट लागत नाही. गुरुवारी संभाजीनगरला ती बदलायची आहे. मी डॉक्टरांना विचारलं, पार्ट बदलायचा, बाकी मशीन चांगलं आहे, असंच ना. ते हो म्हणाले. तरी पार्ट बदलताना मशीन कधी कधी पुन्हा चालू होत नाही हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिते.

मजकूर मी स्वतः टाइप केला आहे. माझी शाळा सुलतानपूरला चौथीपर्यंत झाली, पुढं शाळेनं बोलावलं नाही आणि मी गेले नाही. चुकलेल्या शब्दाखाली कॉम्प्युटर लाल रेघ ओढतो. पण आमच्या बोलीतल्या बरोबर शब्दाखालीही ओढतो, म्हणून त्याचं मी फार मनावर घेत नाही.

कलम १. शेत माझे मालक कडूबा यांच्या नावावर आहे, त्यावर मी काही लिहिणार नाही. फक्त अद्रकाचं बेणं त्यांनी स्वतः निवडू नये. त्यांना सगळंच चांगलं दिसतं.

कलम २. घराची रस्त्याकडची खोली मी माझ्या मिरचीच्या पैशातून बांधली आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठला माझंच नाव आहे. खरा वाद या खोलीचा आहे, म्हणून नीट लिहिते. खोलीत चार कॉम्प्युटर आहेत. दुपारी शेतातून आल्यावर आणि स्वयंपाकाला लागायच्या आधी गावातल्या बाया इथं गेम खेळतात. त्या वेळेत माणसाला आत येता येत नाही, माझ्या मालकालाही नाही. फी नाही. लाईट बिलाच्या बदल्यात ज्या बाईच्या शेतात जे निघेल ते तिनं दारात ठेवावं. भेंडीच्या दिवसात आम्हाला भेंडीचा कंटाळा येतो, पण पद्धत चांगली आहे.

माझे दीर जानराव यांना ही खोली खताच्या गोण्या ठेवायला पाहिजे. झडपेचं कळल्यापासून ते दोनदा येऊन भिंती बघून गेले. एकदा टेपही आणला होता. मी जिवंत आहे तोवर त्यांचं काही चालत नाही. माझ्या मागं खोली चालू राहते की गोदाम होते, एवढाच प्रश्न आहे. म्हणून ही खोली आणि चारही कॉम्प्युटर मी माझी मुलगी प्रेरणा, घरात छकुली, हिला देते. ती पुण्याला कंपनीत आहे.

(हे कलम पुढं रद्द केलं आहे. खोडत नाही, कारण मी आधी काय विचार केला तेही दिसू दे.)

कलम ३. छकुलीनं मला दिवाळीला लॅपटॉप दिला, तो तिला परत. भावना चांगली आहे, वस्तू चांगली नाही. लॅपटॉप म्हणजे सगळं चिकटवून आणलेलं घर. एक बटन गेलं की अख्खा कीबोर्ड बदला, बॅटरी फुगली की अख्खं पोट उघडा. माझा पहिला कॉम्प्युटर तिच्याच कॉलेजचा जुना डबा होता, ती पुण्याला जाताना टाकून गेली. मी तो धूळ पुसायला उघडला. आत बघितलं तर पंखा वेगळा, डिस्क वेगळी, प्रत्येक गोष्टीला स्क्रू. मला वाटलं, हे तर फवारणीच्या पंपापेक्षा सोपं आहे. मग जुनी डिस्क काढून एसएसडी टाकली आणि तोच डबा हरणासारखा पळायला लागला. लोक नवा कॉम्प्युटर घेतात आणि दहातल्या नऊ जणांना फक्त एसएसडी पाहिजे असते. हे मी गावात सगळ्यांना सांगितलं आहे. ऐकलं अर्ध्यांनी.

छकुलीचं आणि माझं लिनक्सवरून भांडण आहे, तेही इथं नोंदवते. मी क्रमांक तीनवर लिनक्स टाकलं. मोफत आहे, हलकं आहे, मध्येच अपडेटसाठी बंद पडत नाही. ती म्हणते, आई, त्यावर तुझे गेम चालणार नाहीत. काही चालतात, काही नाहीत, आणि प्रिंटर अजिबात ऐकत नाही. तरी माझं मत बदललेलं नाही.

कलम ४. जानरावांची मुलगी योगिनी बारावीला आहे आणि बंदुकीच्या गेममध्ये तिचा हात कोणी धरत नाही. क्रमांक चारचं ग्राफिक्स कार्ड तिला. बारावी झाल्यावर न्यावं. तिच्या भावाला, प्रेमला, काही नाही. तो मोबाइलवर असे गेम खेळतो ज्यात दर मिनिटाला जाहिरात येते आणि जिंकायचं असेल तर पैसे भरा म्हणतात. पैसे भरून जिंकायचं त्याला मी खेळ म्हणत नाही. ती लाच आहे, फक्त ती देताना गाणं वाजतं.

कलम ५. दीर जानराव यांना माझ्या कपाटातला जळका मदरबोर्ड देते. तो त्यांनीच जाळला आहे. मागल्या खंडेनवमीला आमच्या घरी विळा, पांभर, ट्रॅक्टर, सगळ्याची पूजा झाली. मी म्हणाले कॉम्प्युटरचीही करू, तोही अवजारच आहे. चूक इथं झाली की ट्रॅक्टरची पूजा इंजिन चालू ठेवून करतात, चालू मशीनला देव लवकर पावतो म्हणून. जानरावांनी तोच नियम क्रमांक दोनला लावला. मी आतून वात आणायला गेले तेवढ्यात त्यांनी कॉम्प्युटर चालू केला, वर जिथं हवेची जाळी आहे तिथं हळदीकुंकू सोडलं आणि डब्याच्या काठावर नारळ फोडला. पाणी सरळ आत. आतून कढईत मोहरी टाकल्यासारखा आवाज आला. मी वात घेऊन आले तर घरातली सगळी माणसं हात जोडून उभी, त्यांना वाटलं काहीतरी पावलं.

शेजारची विमलबाई दारात होती. ती आत आली, कोपऱ्यातली लाकडी काठी घेतली आणि भिंतीवरच्या लाईटच्या बोर्डातली पिन बाहेर पाडली. काठी जागेवर ठेवून गेली.

जानराव नंतर म्हणाले, "देवानं घेतला तो, वहिनी." देवाला मदरबोर्ड काय करायचा आहे ते त्यांनी सांगितलं नाही. नवीन बोर्डही दिला नाही, तो मीच आणून बसवला. तरी हा जळका त्यांनी देवघरात ठेवावा.

कलम ६. विमलबाई पंजाबराव जेऊघाले हिला काही नाही. तिच्या न्हाणीचं पाणी माझ्या अंगणात येतं. मी सांगितलं, तिनं ऐकलं नाही, आणि तेव्हापासून आम्ही बोलत नाही. ती रोज दुपारी क्रमांक दोनवर बसते, गाड्यांची शर्यत माझ्याविरुद्ध खेळते, पण जे बोलायचं ते दुसऱ्या बाईला सांगते आणि ती बाई मला सांगते. मीही तसंच करते. मधल्या बाईला त्रास होतो, पण त्याला इलाज नाही. मदरबोर्ड वाचवला नाही तरी घर जळू दिलं नाही, हे मी मान्य करते. त्यानं अंगण कोरडं होत नाही.

(हेही कलम पुढं रद्द.)

कलम ७. इथपर्यंत लिहून मी काल थांबले होते. आज दुपारी जे झालं त्यामुळं कलम २ आणि ६ बदलते.

झडपेची बातमी फुटल्यापासून मला कोणी हरवत नाही. पहिल्यांदा लक्षात आलं नाही, वाटलं माझा हात बसला. मग योगिनीनं समोर शर्यतीची शेवटची रेघ दिसत असताना गाडी थांबवली आणि म्हणाली, काकू, ब्रेक आपोआप लागला. त्या गेममध्ये ब्रेक आपोआप लागत नाही. अन्नपूर्णाबाई, जी एरवी गाडी उलटी पळवेल पण कोणाच्या मागं राहणार नाही, ती दोन दिवस माझ्या मागं मागं गाय चालावी तशी चालवत होती. मालक म्हणाले, तू म्हणशील तेच बेणं घेऊ. आज सकाळी छकुलीचा फोन आला. मी मुद्दाम लिनक्सचा विषय काढला. ती म्हणाली, "बरोबर आहे आई तुझं, लिनक्सच चांगलं."

जन्मल्यापासून ही मुलगी माझ्याशी भांडत आली आहे. मी तिला म्हणाले, छकुले, खरं बोल. ती रडायला लागली. म्हणाली खोली मी जपेन, तुझा फोटो लावेन, रोज दिवा लावायला कोणाला तरी सांगेन. मी फोन ठेवला. मला कळलं ही काय करेल. खोलीला कुलूप, आत माझा हार घातलेला फोटो, आणि वर्षभरानं जानराव किल्ली मागायला गेले की रडत रडत देऊन टाकेल. मुलगी वाईट नाही. मऊ आहे, आणि माझ्या नावानं आणखी मऊ होईल. मला फोटो नको आहे. पंखे फिरत राहिले पाहिजेत.

दुपारी शर्यत लावली. मी, योगिनी, अन्नपूर्णाबाई, आणि पेरणी उरकून आठ दिवसांनी आलेली विमलबाई. ऑपरेशनचं विमलबाईलाही माहीत आहे, भिंतीला भिंत आहे. योगिनी आणि अन्नपूर्णाबाई हल्लीसारख्या मागं राहिल्या. शेवटच्या वळणावर मी पुढं होते. मी ब्रेक मारला, आणि विमलबाईनं आतल्या बाजूनं गाडी घातली, माझ्या गाडीला अशी धडक दिली की मी नाल्यात, आणि ती रेघ ओलांडून गेली. योगिनी माझ्या छातीकडंच बघत होती.

विमलबाईनं पदर सारखा केला आणि योगिनीला म्हणाली, "सांग तुह्या काकूले, वळणावर ब्रेक मारत जाऊ नको म्हणा. किती सालाचं सांगून राह्यली मी."

योगिनीनं माझ्याकडं मान वळवली. मी म्हणाले, "सांग तिले, ऐकू आलं म्हणा."

मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. बाकी सगळ्यांनी मला आधीच पोचवलं होतं.

म्हणून, सगळं नीट समजून, रस्त्याकडची खोली आणि चारही कॉम्प्युटर मी विमलबाई पंजाबराव जेऊघाले हिला देते, फक्त योगिनीचं कार्ड सोडून. जानरावांचा टेप, जानरावांचा देव, माझं मरण, यातल्या कशाला ती बधणार नाही. जी माझी कीव करत नाही ती त्यांची काय करणार. वकील साहेब फोनवर म्हणाले, बोलणं नसलेल्या शेजारणीला कोणी देत नसतं, आणि मृत्युपत्रात असं लिहीत नसतात. त्यांनी त्यांच्या मृत्युपत्रात लिहू नये.

कलम ८. खोलीचे नियम. कोणाच्याही लग्नाच्या फोटोचा पेनड्राइव्ह आधी तपासल्याशिवाय लावायचा नाही. व्हायरस दुसरीकडून येत नाही, लग्नातून येतो, आणि विकतचा अँटीव्हायरस वऱ्हाडासारखा नुसता बसून खातो. रंगीत दिव्यांचा कीबोर्ड घ्यायचा नाही, बटन दाबल्यावर कळलं पाहिजे एवढंच बघावं. अपडेट बाजाराच्या दिवशी लावून बाजाराला जावं. जे जपायचं ते दोन ठिकाणी ठेवावं, एक इथं, एक छकुलीकडं. मोबाइलला विचारून मिरचीवर फवारणी करू नये. मी विचारलं होतं. त्यानं फार गोड भाषेत चुकीचं औषध सांगितलं. आणि नवीन बाई आली तर तिला पहिल्या दिवशी जिंकू द्यावं. दुसऱ्या दिवसापासून नाही.

कलम ९. मी परत आले तर खोली माझीच आहे आणि हा कागद कपाटात राहील. मी येईपर्यंत माझ्या क्रमांक एकच्या खुर्चीवर विमलबाईनं बसू नये.

कलम १०. साक्षीदारांच्या वेळी जे झालं तेही लिहिते, म्हणजे खाली जे खोडलं आहे ते कोणाला बनावट वाटणार नाही. मालकांना कलम ७ माहीत नव्हतं. त्यांनी शेजारी म्हणून साक्षीला विमलबाईलाच बोलावून आणलं. तिनं पेन हातात घेतलं आणि नाव लिहायला लागली. ज्याला मिळतं त्यानं साक्ष करू नये असं वकील साहेबांनी सांगितलेलं. सांगायला मध्ये कोणी बाई नव्हती. मालक चहा बघायला गेले होते. मलाच बोलावं लागलं.

मी म्हणाले, "विमल, सही करू नको."

"काऊन? माही सही चालत नाई का तुले?"

"खोली तुह्या नावानं करून राह्यले."

ती पेन धरून उभी राहिली. कागदाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "न्हाणीचं पाणी मी वळवणार नाई."

"नको वळवू."

"आन् तू गुरुवारी गेली तं परत ये. मी काय त्या अन्नपूर्णाले हारवत बसू?"

पेन टेबलावर ठेवून ती गेली. साक्षीला मग अन्नपूर्णाबाईला बोलावलं. तिला हरवण्याबद्दलचं वरचं वाक्य तिनं वाचलं, आणि तरी सही केली.

हे सर्व मी वाचून, समजून, आणि मालकांना मोठ्यानं वाचून दाखवून खाली सही करते.

लिहून देणार: शालूबाई कडूबा सोनुने (सही, अंगठा नाही)

साक्षीदार १: ज्ञानेश्वर मोकळे, निवृत्त एसटी कंडक्टर, रा. धाड (सही)

साक्षीदार २: विमलबाई पंजाबराव जे — (नाव लिहायला घेतले होते, खोडले. कारण कलम ७.)

साक्षीदार २: अन्नपूर्णाबाई रंगराव वाघ, रा. धाड (सही)

ठिकाण: धाड, रस्त्याकडची खोली, क्रमांक एक
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५