एवढाच रस्ता

आर्णी
१८ सप्टेंबर २०२५

प्रिय आसिमभाई,

अस्सलाम अलैकुम. उमरखेडले तुम्ही सगळे बरे असाल. भाभीले सलाम, लेकराईले प्यार. इकडे बरं आहे. सोयाबीन पिवळं पडलं, अब्बांच्या गॅरेजात काम कमी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून राह्यली.

अब्बांनी घरातलं सगळं बदलून टाकलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ॲम्ब्युलन्सचा अन् दवाखान्याचा नंबर ऑइलपेंटनं लिहिला, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा. गॅसची नळी नवी टाकली. टॉर्च, बीपीचं मशीन, औषधाईचा डबा, सगळं दाराजवळच्या फळीवर. मोटरसायकलची टाकी भरलेली अन् तोंड रस्त्याकडे. जुम्म्याची नमाज झाली की एकदा किक मारून पाहतात. घरी आता कोणाचीच गाडी खोलत नाहीत. मलेही चालवायले शिकवलं. मी पडली तेव्हा रागावले नाही, फक्त म्हणाले, "पुन्हा चालू कर."

शेजारचे विचारतात, रहमतभाई कायले एवढी तयारी करून राह्यले? मी म्हणते, सवय आहे त्यांची.

मागच्या आठवड्यात दुपारी मागच्या घरची लालीबाई धावत आली. तिच्या नवऱ्याले, खेमसिंगले, बांधावर गवत कापताना साप चावला होता. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी गेलती. अब्बा जेवत होते, तसेच उठले. "फरहाना, मागं बस. त्याले धरून ठेव." पहिल्याच किकले गाडी चालू झाली. खेमसिंगचं डोकं अब्बांच्या पाठीवर पडत होतं, मी त्याची कॉलर धरून होती. दवाखान्यात लगेच इंजेक्शन दिलं. वाचला तो. काल घरी आला. लालीबाई अब्बांच्या पाया पडाले वाकली, तर अब्बा मागं सरकले.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर अब्बा बसले ते उठेचनात. पाणी आणलं, घेतलं नाही. म्हणाले, "एवढाच रस्ता होता, फरहाना."

अम्मीलेही याच दवाखान्यात आणायचं होतं. अम्मीच्या छातीत दुखलं तेव्हा गाडी अंगणात खोलून पडली होती, अन् अब्बा ऑटो पाहाले चौकापर्यंत पळत गेलते. ऑटो आला तोवर अम्मी गेली. कब्रस्तानात तू सगळ्याईसमोर म्हटलं, "गावभराच्या गाड्या नीट करता, आपलीच खोलून ठेवली." तेव्हापासून तू आला नाहीस. मी तुले तेव्हा थांबवलं नाही. मलेही तसंच वाटत होतं. आता काय वाटते ते सांगता येत नाही. बहुतेक काहीच नाही. खेमसिंग वाचला म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही काही वाटलं नाही. घरी येऊन भात गरम केला.

त्यानंतर अब्बा गॅरेजात गेले नाहीत. पलंगावर पडून राहतात. सकाळी मी म्हटलं, "आसिमभाईले पत्र लिहून राह्यली. तुमचं काही लिहू?"

ते भिंतीकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "त्याले लिही, तू खोटं बोलला नव्हता."

"अजून?"

"बस."

तेवढंच लिहिलं. ये, असं त्यांनी म्हटलं नाही, अन् ते म्हणणारही नाहीत. मी म्हणून राह्यली, ये.

अब्बांजवळ राह्यलेली
तुझी बहीण,
फरहाना