अब्बा, तुमच्यावर आता दोघे हक्क सांगतायत

प्रिय अब्बा,

जिवंतपणी ज्यांनी तुम्हांला अडाणी ठरवलं, त्या दोघांनाही आज तुम्ही हवे आहात! तुम्ही गेल्यापासून गाव तुमचीच साक्ष काढतं ना. म्हणून लिहायला बसले.

मेराजच्या, पैगंबरसाहेबांच्या आसमानी सफरीच्या रात्रीच्या, जलशाची स्मरणिका निघतेय. सकाळी आपला सलीम आला, दुबईहून परतलेला इंजिनियर. म्हणाला, "पैगंबरसाहेब देहासकट आसमानात गेले, असंच चाचा मानायचे. कागद लिहून आणलाय, सही दे." दुपारी मुनीरसर आले, कॉलेजातले प्राध्यापक. त्यांचाही कागद तयार. "तुमचे वडील ती सफर रुहानी, फक्त आत्म्याची समजत. सही करा."

किती निर्लज्ज असावं माणसानं!

जमातखान्यातली ती सभा आठवते? सलीम फळ्यावर प्रकाशाच्या वेगाची गणितं मांडून चमत्कार सिद्ध करत होता. जणू अल्लाला त्याच्या दाखल्याची गरज! मुनीरसर 'प्रतीक', 'अंतर्यात्रा' असले शब्द फेकत होते आणि म्हाताऱ्यांकडे झुरळांकडे बघावं तसं बघत होते. मग कुणीतरी गंमत म्हणून म्हणालं, "तांडेल, तुमी सांगा."

तुम्ही, जन्मभर होडी हाकलेले, सरळ उठलात. "देहान गेले की रुहान, ह्यां माका ठावक नाय. गेले, ह्यां मी मानतंय. त्या सफरीतसून आमका नमाज मिळाली. फजरीक, पहाटेच्या नमाजेक, मशिदीत किती जण असतत? त्यावर वाद घाला!"

"मासे मारणाऱ्याला काय कळतं? बसा खाली!" सलीम ओरडला. मुनीरसर मोठ्यानं हसले. तेवढ्या एकाच गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. मग सगळेच हसले.

मी पडद्यामागे बायकांत होते, अब्बा. वर्गातल्या चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी, तोंडातून शब्द काढला नाही. वर घरी येऊन तुमच्यावरच चिडले, "कशाला बोललात?"

"चुकलां गो माझा," म्हणालात आणि जेवायला बसलात. काय चुकलं होतं तुमचं? माझ्यावर एकदा तरी रागवायचं होतं! त्यानंतर तुम्ही सभेत पाऊल टाकलं नाहीत, आणि मी 'चला' म्हटलं नाही. त्या दोघांची कीव येते. स्वतःची तर किळस येते.

दोन्ही कागद मी ज्याच्या त्याच्यासमोर फाडले. सलीम म्हणाला, "मग तूच काय ते लिही."

लिहिणार आहे. 'माझ्या वडिलांना भरसभेत हसलात, तेव्हा मी गप्प बसले.' एवढंच. ते छापणार नाहीत, ठाऊक आहे. मग जलशाच्या दिवशी पडद्याबाहेर येऊन मी ते त्यांना वाचून दाखवेन. हा माझा शब्द.

तुमची,
जुबेदा